नवे इंजिन की नवा रंग?



आपला ऊस घाटावर पिकतो, पण साखरेला बंदर गाठायचे तर बोरघाट उतरावाच लागतो. न्हावाशेवाकडे पोती घेऊन जाणाऱ्या आपल्या वाहतूकदार सभासदांना खंडाळा, खोपोली, खालापूर, चौक ही नावे आपल्या शिवारातल्या ओढ्यांइतकी पाठ आहेत. (खालापूरला लागून असलेले कर्जत ते रायगड जिल्ह्यातले, अहिल्यानगर जिल्ह्यातले उसाचे कर्जत वेगळे. या दोन नावांच्या घोटाळ्यात आमची टायरची एक पेटी मागे भलत्याच कर्जतला जाऊन पडली होती, ती गंमत पुन्हा केव्हातरी.) या अंकातला अभ्यास-लेख त्या घाटाच्या पायथ्याशी घडलेल्या एका प्रकरणावरून लिहिला आहे. ज्यांचे प्रकरण, त्या सभासदांची संमती घेतली आहे. नाव मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे देत नाही.

हे सभासद स्वतःच मालमोटार चालवतात, धाकटा भाऊ क्लीनर म्हणून बरोबर असतो. ऐन हंगामात बंदरावर साखर उतरवून, परतीची खताची भरती घेऊन येताना खोपोलीच्या अलीकडे इंजिनातून आवाज यायला लागला, तेलाचा काटा खाली बसला आणि शीळफाट्याजवळ गाडी बंद पडली. क्रँक जाम. घाट डोक्यावर, गाडीत माल, गावाकडे ऊसतोडीची टोळी खोळंबलेली. मिस्त्रीने दोन वाटा सांगितल्या. इंजिन उतरवून, खोलून, बांधून घ्यायचे तर पंधरा दिवस. तयार इंजिन बसवायचे तर दोन दिवस. तयार इंजिनवाले दुकान रस्त्यावरच होते आणि त्याची पाटी भली मोठी होती: ‘नवीन इंजिन. जुने द्या, नवे घ्या. ५०,००० किलोमीटर गॅरंटी.’

दुकानदार म्हणाला, “दादा, कंपनीचं नवं इंजिन आहे. डोळे झाकून घाट चढा.” इंजिनाचा चंदेरी रंग आरशासारखा चमकत होता. पावणेतीन लाख रोख आणि वर जुने इंजिन, असा सौदा ठरला. पतसंस्थेतून कर्ज उचलले. बिलावर लिहून मिळाले, ‘इंजिन असेंब्ली, १ नग, एक्स्चेंज.’ गाडी घाट चढली, गावी आली, ऊस ओढायला लागली. जेमतेम नऊ हजार किलोमीटर झाले असतील, पुन्हा तोच आवाज. दुकानदाराला फोन केला तर उत्तर आले, “तुम्ही भार जास्त भरला. गॅरंटीत बसत नाही.”

मग ते इंजिन आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आले. आम्ही सर्वांसमक्ष त्याचे चेंबर उतरवले आणि क्रँकखालची बेअरिंगे काढून पाठीवरून पुसली. त्यांवर आकडा होता ०.५०.

ज्यांना या आकड्याचा अर्थ ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी मात्र सावकाश वाचावा, कारण सगळी मेख इथेच आहे.

क्रँकशाफ्ट फिरतो तो बेअरिंगच्या पातळ कवचांत, तेलाच्या पडद्यावर. वर्षानुवर्षे फिरून शाफ्टच्या गोल माना झिजतात, अंडाकृती होतात, त्यांवर चरे पडतात. तेव्हा शाफ्ट ग्राइंडिंगच्या यंत्रावर चढवून त्या माना पुन्हा गोल करतात. गोल करायच्या म्हणजे थोडे पोलाद घासून टाकायचे. घासल्याने मान बारीक झाली की तिच्यात आणि बेअरिंगमध्ये फट वाढणार. म्हणून तेवढेच जाड बेअरिंग घालतात. ही जाडी पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने वाढते, आणि तो टप्पा बेअरिंगच्या पाठीवर कोरलेला असतो: ०.२५, ०.५०, ०.७५. ज्या शाफ्टला अजून ग्राइंडिंगचा दगड लागलेला नाही, त्याच्या बेअरिंगवर साधारणपणे ‘एसटीडी’ म्हणजे मूळ मापाची अक्षरे असतात. तेव्हा ०.५० चा अर्थ उघड आहे. हा शाफ्ट कुणाच्या तरी गाडीत झिजून, घासून, पुन्हा बसवलेला होता. ब्लॉकच्या कुशीत ओतकामातच उठवलेले साल असते. ते पाहिले तर अकरा वर्षांपूर्वीचे निघाले. बोल्टच्या खाचेत चंदेरी रंगाखाली जुना रंग दिसत होता, आणि त्याखाली आणखी एक.

आमचे सभासद इतकेच म्हणाले, “साहेब, मला जुनं म्हणून दिलं असतं तरी मी घेतलं असतं. फक्त दीड लाखाला घेतलं असतं, आणि ऊस ओढताना जपलं असतं.”

या एका वाक्यात विषयाचे सार आले. बांधून काढलेले इंजिन घेणे यात काही कमीपणा नाही. नीट बांधलेले इंजिन वर्षानुवर्षे चालते, खर्च वाचतो, ओतीव लोखंड पुन्हा भट्टीत जात नाही. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ या नावाने आणि कमिन्स ‘रीकॉन’ या नावाने असे बांधलेले भाग विकतात, ते मुळात जुने आहेत हे उघड सांगून. आमची तक्रार जुन्या इंजिनाबद्दल नाही, त्याला लावलेल्या ‘नवे’ या शब्दाबद्दल आहे. त्या एका शब्दाने किंमत वाढते, घेणाऱ्याची सावधगिरी सुटते आणि आत काय काम केले हा प्रश्नच कुणी विचारत नाही. नव्याला कोण विचारतो, की बाबा तुझी क्रँक कितीवर आहे?

त्याच परिसरात याच्या अगदी उलट वागणारा एक शेजारी आहे, तो म्हणजे रेल्वे. बोरघाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली. तिथली चढण काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतकी उभी आहे. म्हणून पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिने लावतात. बँकर म्हणतात त्यांना. आपल्यापैकी पुष्कळांनी कर्जतला वडा खाता खाता तो धक्का अनुभवला असेल. रेल्वेची इंजिने आणि डबे ठरावीक मुदतीने कारखान्यात नेऊन पूर्ण खोलतात, झिजलेले बदलतात, पुन्हा बांधतात. पण बाहेर पडलेल्या डब्यावर रेल्वे ‘नवा डबा’ असे लिहीत नाही. डब्याच्या अंगावर रंगाने लिहिलेले असते, कोणत्या कारखान्यात काम झाले, कोणत्या महिन्यात झाले आणि पुन्हा केव्हा न्यायचा. पुढच्या वेळी गाडीला उशीर झाला तर फलाटावर उभे राहून डब्याच्या टोकाकडची ही बारीक अक्षरे वाचा.

घाट काय मागतो

आता कुणी म्हणेल, नऊ हजार किलोमीटर तरी चाललेच की. चालले, आणि त्यातच धोका होता. सपाटीवर रिकामे चालवून दाखवलेले इंजिन चांगलेच वाटते. खरी परीक्षा भाराची. हिशेब करू. भरलेली गाडी १६ टन धरा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर उंच चढतो. एवढे वजन एवढ्या उंचीवर अर्ध्या तासात न्यायचे तर नुसत्या उचलण्यालाच साठच्या आसपास अश्वशक्ती अखंड लागते. टायरची रगड, गिअरची रगड, वारा हे वेगळे. म्हणजे अर्धा तास इंजिनाला श्वास नाही. तेल तापून पातळ होते, पाणी उकळीला येते, आणि बेअरिंगमध्ये फट जास्त असेल तर तेलाचा दाब टिकत नाही. जुने ड्रायव्हर घाटात शिंगरोबाच्या देवळाशी नाणे टाकून पुढे जातात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे सांगतात. नाणे जरूर टाकावे; पण तेलाच्या काट्यावर डोळा ठेवून टाकावे.

शिवाय क्रँकच्या मानांना वरच्या थरात कडकपणा दिलेला असतो, आणि तो थर जाड नसतो. कंपनी म्हणूनच ग्राइंडिंगची शेवटची मर्यादा ठरवून देते. त्या मर्यादेपलीकडे घासले, किंवा घासल्यावर पुन्हा कडक करायचे तिथे केले नाही, तर आतला मऊ गाभा उघडा पडतो आणि झीज वेगाने होते. ग्राहकाला हे बाहेरून दिसत नाही.

‘बांधले’ म्हणजे काय केले?

रिकंडिशन हा शब्द आपल्याकडे फार सैल झाला आहे. एक मिस्त्री नुसत्या रिंगा आणि बेअरिंगे बदलून, व्हॉल्व्ह घासून, रंग मारून रिकंडिशन म्हणतो. दुसरा सुटा सुटा भाग करून सगळे पुन्हा मापावर आणतो आणि तोही रिकंडिशनच म्हणतो. दोघांच्या किमतीत फरक असतो, आयुष्यात त्याहून जास्त. पाटी मात्र सारखीच.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने जुन्या व बांधलेल्या मोटार-भागांच्या धंद्यासाठी १९७९ साली मार्गदर्शक नियम केले आणि २०१४ साली ते सुधारून घेतले. त्यांचा गाभा आपल्या कामाचा आहे. भाग वापरलेला असेल तर तसे जाहिरातीत, वेष्टनावर आणि खुद्द भागावरही ठळक सांगायचे. आणि ‘बांधलेले’ हा शब्द वापरायचा तर आवश्यक तेवढे खोलून, आतले-बाहेरचे भाग स्वच्छ व गंजमुक्त करून, झिजलेले किंवा सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून, मापावर आणून मगच वापरायचा. नुसते धुतलेले इंजिन त्या शब्दाला पात्र नाही. ‘फॅक्टरीत बांधलेले’ असे म्हणायचे तर ते अशाच कामाच्या कारखान्यात बांधलेले असले पाहिजे. गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडला फॅक्टरी म्हणून चालत नाही.

चांगले बांधकाम कसे असते ते आम्ही वर्कशॉपच्या फोरमनकडून समजून घेतले. इंजिन पूर्ण सुटे करून ब्लॉक उकळत्या क्षाराच्या हौदात टाकतात, म्हणजे पाण्याच्या वाटांतला चिखल आणि गंज सुटतो. मग ब्लॉक, हेड आणि क्रँक यांना बारीक तडा आहे का हे तपासायचे. लोखंडी भागाला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची पूड सोडली की तडा रेघेसारखा उठून दिसतो. हा तपास पुष्कळ ठिकाणी गाळला जातो, आणि घाटात हेड फुटते ते बहुधा असल्याच जुन्या तड्याने. लायनर नवे, पिस्टन-रिंगा नव्या. लहान गाड्यांच्या इंजिनात लायनर नसेल तर बोअर मोठा करून त्या मापाचे मोठे पिस्टन. क्रँक ग्राइंडिंग. कनेक्टिंग रॉड वाकलेला नाही ना, त्याचे भोक गोल आहे ना. व्हॉल्व्हचे गाइड आणि सीट. कॅमशाफ्ट. आणि तेलाचा पंप. हा पुष्कळदा जुनाच राहतो. आमच्या सभासदांच्या इंजिनातही तो जुनाच होता, त्याच्या दातांत बोटभर खेळ. पावणेतीन लाखांच्या इंजिनात दोन-चार हजार वाचवायला घातलेला तो पंप शेवटी सगळे घेऊन बुडाला. हे सर्व झाल्यावर इंजिन स्टँडवर चालवून तेलाचा दाब, कॉम्प्रेशन आणि तापमान यांची नोंद करायची. चांगला बांधणारा हा कागद न मागता देतो. ज्याच्याकडे कागदच नाही त्याने इंजिन चालवून पाहिले असेलच असे धरू नका.

पाट्यांची भाषा

खोपोलीपासून चौकपर्यंत आणि इकडे कर्जत-नेरळच्या वाटेवर आम्ही मुद्दाम थांबत थांबत गेलो, पाट्या आणि हातपत्रके पाहिली. कर्जतकडे मालमोटारींपेक्षा भाजीपाल्याचे पिकअप आणि प्रवासी जीपगाड्या जास्त. धंद्याची भाषा तीच. कोणा एकाला बोट दाखवायचा हेतू नाही, ही भाषा आपल्या तालुक्याच्या गावीही चालते.

‘झिरो किलोमीटर इंजिन’ हा सध्याचा लाडका शब्द. बांधल्यापासून शून्य, की जन्मापासून शून्य? विचारले तर हसतात. ‘नव्यासारखे’ यात तर ‘सारखे’ बारीक अक्षरात असते. ‘ओरिजिनल पार्ट घातलेले’ म्हणजे काही भाग कंपनीचे; सगळे, असे कुणी म्हटलेले नसते. ‘परदेशातून आलेले, कमी चाललेले’ याचा पुरावा कुणाकडेच नसतो, कारण इंजिन गाडीतून निघाले की किलोमीटरचा आकडा गाडीबरोबरच राहतो. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथून खोपोलीला आलेले इंजिन दोन तासांत परदेशी होते, असे एक जुना मिस्त्रीच आम्हांला हसत म्हणाला.

‘एक्स्चेंज’ या शब्दाकडे विशेष पाहा. तुमचे जुने इंजिन दुकानदार का घेतो? बांधायला. तुमचे तो बांधून उद्या दुसऱ्याला देणार, म्हणजे तुम्हाला दिलेलेही असेच कुणाचे तरी असण्याचा संभव दाट. नव्याच्या बदल्यात जुने घेणारे असतीलही. तरी ‘जुने द्या, नवे घ्या’ ही पाटी दिसली की पहिला प्रश्न हाच विचारावा.

‘इंजिन’ या शब्दात काय काय येते हेही ठरवून घ्या. कुणी नुसता ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढेच देतो; याला हाफ इंजिन म्हणतात. कुणी हेडसकट देतो. डिझेल पंप, इंजेक्टर, टर्बो, स्टार्टर, वॉटर पंप हे पुष्कळदा तुमच्याच जुन्या इंजिनावरचे उचलून बसवतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत तर संगणकाचा डबा, सेन्सर आणि धुराची गाळणी हे इंजिनाइतकेच महागाचे आहे, आणि तिथे एका जातीच्या इंजिनाजागी दुसऱ्या जातीचे बसवून भागत नाही.

गॅरंटीचे तर विचारूच नका. ५०,००० किलोमीटर हा आकडा मोठा, अटी कुठे? गाडी ओढून आणण्याचा खर्च कुणाचा, पुन्हा उतरवण्याची मजुरी कुणाची, बंद काळाचे काय, हे कुठेच नसते. काही बांधणारे ब्लॉकवर एक छोटी धातूची टिकली चिकटवतात. सुमारे १२० अंश सेल्सिअसला तिचा मधला भाग वितळतो. इंजिन तापले होते याचा तो पुरावा, आणि टिकली वितळली की गॅरंटी संपली. ही पद्धत गैर नाही, पण टिकली आहे आणि ती का आहे हे विकतानाच सांगितले पाहिजे.

कायद्याने हा शब्द धरला आहे

पुष्कळ सभासदांना वाटते की ‘नवे’ म्हणून जुने देणे ही नुसती बोलण्यातली चलाखी आहे, कायदा काय करणार. तसे नाही. आपल्या कायद्याने नेमके हेच कृत्य नाव घेऊन लिहून ठेवले आहे, तेही चाळीस वर्षांपूर्वीपासून.

१९७० नंतरच्या दशकात ग्राहकांची चळवळ आपल्याकडे उभी राहिली. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. त्या वेळी मक्तेदारीविरोधी कायदा होता १९६९ चा, पण खोट्या जाहिरातीविरुद्ध त्यात सोय नव्हती. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने ती उणीव दाखवली आणि १९८४ साली दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे कलम ३६-अ आले. त्यातला एक प्रकार असा: पुन्हा बांधलेला, वापरलेला, नूतनीकरण केलेला, रिकंडिशन केलेला किंवा जुना माल नवा आहे असे खोटे भासवणे. हीच तरतूद १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गेली, आणि तो जाऊन २०१९ चा कायदा आला (अंमल २० जुलै २०२० पासून) त्यातही कलम २(४७) मध्ये ती जशीच्या तशी आहे. मक्तेदारीचा जुना कायदा आता उरलेला नाही. ही ओळ मात्र तीन कायदे ओलांडून टिकली.

त्याच कलमात गॅरंटीबद्दलही आहे. योग्य चाचणी न करता टिकाऊपणाची किंवा कामगिरीची हमी देणे हीसुद्धा अनुचित प्रथा, आणि चाचणी केली होती असा बचाव केला तर ती सिद्ध करण्याचा भार हमी देणाऱ्यावर. म्हणजे ५०,००० किलोमीटरवाल्याला विचारता येते, बाबा रे, हा आकडा कोणत्या चाचणीवरून काढलास? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, रायगडच्या आयोगासाठी अलिबागचे हेलपाटे घालण्याची गरज नाही. मुदत दोन वर्षे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर कधी कधी तिथेच तडजोड होते.

एक खाच मात्र आहे आणि ती वाहतूकदारांनी समजून घ्यावी. धंद्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्यातून वगळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे स्पष्ट केले. मालमोटार घेऊन जो स्वतः चालवतो तो ग्राहक, जो ती केवळ दुसऱ्याकडून चालवून घेतो तो नव्हे. आमचे सभासद स्वतः चालवतात म्हणून ते बसले. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर ठेवणाऱ्या सभासदांना दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागेल. स्वतःच्या शेतासाठी घेतलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला ही अडचण सहसा येत नाही.

आणखी एक, जे घाईत हमखास राहते. इंजिन बदलले की त्याचा नंबर बदलतो आणि तो नोंदणी-पुस्तकातल्या नंबराशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवून पुस्तकावर नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी. नंबराची जागा घासलेली, पुन्हा ठोकलेली दिसली तर ते इंजिन फुकट दिले तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस तुमच्या दारात येतील, दुकानदाराच्या नाही. खरोखर नवे असेल तर इंजिनाचा नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत वितरकाला फोन करावा. नव्या इंजिनामागे कंपनीचे बिल असतेच. हा एक फोन पाच मिनिटांचा आहे, आणि दुकानदार त्याला काय म्हणतो त्यावरूनच पुष्कळ कळते.

पुढे काय झाले

आमच्या सभासदांची बाजू कागदावर लंगडी होती. बिलात ‘नवे’ हा शब्द नव्हता, आणि पाटीवर काय होते हे कोण सांगणार? पण गाडी बंद पडली त्या संध्याकाळी, कर्ज काढावे की नाही हे विचारण्यासाठी, त्यांनी दुकानासमोर उभे राहून पाटीचा आणि इंजिनाचा फोटो मोबाइलवरून थोरल्या चुलत्यांना पाठवला होता. खाली लिहिले होते, ‘अण्णा, नवीन इंजिन पावणेतीनला देतो म्हणतात, घेऊ का?’ आणि अण्णांचे उत्तर, ‘नवीन असेल तर घे.’ तारीख, वेळ सगळे त्यात. वर्कशॉपमध्ये चेंबर उतरवताना आम्ही पंचनाम्यासारखा कागद केला होता, बेअरिंगचे आणि ओतकामाच्या सालाचे फोटो काढले होते. आपल्या वकिलांनी या सगळ्याच्या आधारे नोटीस धाडली.

आधी उत्तर आले नाही. दुसरी नोटीस, त्यात आयोगाकडे जाण्याची तारीख. मग दुकानदाराचा फोन आला, भाषा एकदम बदललेली. शेवटी तडजोड होऊन त्याने इंजिन परत नेले आणि एक लाख नव्वद हजार परत दिले. बुडालेला हंगाम, कर्जावरचे व्याज आणि खोळंबलेल्या टोळीची उचल यांचे काही मिळाले नाही. आयोगाकडे गेलो असतो तर कदाचित तेही मागता आले असते. पण सभासदांना दुसऱ्या हंगामाच्या आत गाडी रस्त्यावर हवी होती, आणि ती निवड त्यांची.

आता त्यांच्या गाडीत बांधलेलेच इंजिन आहे. बिलावर पूर्ण लिहून घेतले: ‘रिकंडिशन केलेले इंजिन, हेडसकट, क्रँक ०.२५, लायनर, पिस्टन, बेअरिंग, तेलपंप नवे, चाचणीचा कागद सोबत, बारा महिने, उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीसह.’ आपल्या वकिलांनी तपासलेला असा बिलाचा मजकूर छापून प्रत्येक गट कार्यालयात ठेवला आहे. गाडीच्या पुस्तकाबरोबर एक प्रत जवळ बाळगावी. ती ०.५० ची बेअरिंगे आणि दातांत खेळ पडलेला तो तेलपंप वर्कशॉपच्या दाराशी टेबलावर मांडून ठेवला आहे. साखरेच्या कार्डासाठी याल तेव्हा फोरमनना सांगा, ते हातात देऊन दाखवतील.